बंद झालेला ताजमहाल आणि सुट्या ठोकळ्यांचा हिशेब

बांधकाम-ठोकळ्यांचा एखादा संच कंपनीने उत्पादनातून काढून घेतला की हौशी मंडळी तो 'बंद' किंवा 'रिटायर' झाला असे म्हणतात, आणि त्यानंतर चढ्या भावाने सीलबंद खोका विकत घेणे किंवा त्या संचाचा नाद सोडून देणे एवढेच उरते, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. संचातील सुटे भाग निरनिराळ्या ठिकाणांहून जमवून तोच संच पुन्हा उभा करण्याचा तिसरा मार्ग गेल्या दोन दशकांत चांगलाच रुळला आहे. मात्र तो अशक्यप्राय आहे असे काहींना वाटते, तर तो हमखास स्वस्त पडतो अशी दुसऱ्यांची खात्री असते. या दोन्ही समजुती सारख्याच चुकीच्या आहेत, कारण अशा पुनर्निर्मितीचा खर्च ठोकळ्यांच्या एकूण संख्येवर फारसा ठरत नाही. तो मोजक्या दुर्मीळ भागांवर, टपालखर्चावर आणि पनवेलमध्ये राहणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत विशेषतः सीमाशुल्कावर ठरतो.

संच बंद झाला म्हणजे त्यातील भागही बंद झाले, हा पहिला गैरसमज. लेगो कंपनीचे उत्पादन संचांभोवती नव्हे, तर भागांच्या सामाईक साठ्याभोवती रचलेले असते आणि एकच भाग एकाच वर्षात शेकडो संचांत वापरला जातो. रुंदीला दोन आणि लांबीला चार खुंट्या, म्हणजे वरच्या बाजूचे गोल उंचवटे, असलेला परिचित ठोकळा ३००१ या क्रमांकाने ओळखला जातो, आणि ज्या रचनेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाले त्या रचनेशी आजचा ठोकळाही जुळतो. दोन शेजारच्या खुंट्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर आणि 'प्लेट' म्हटल्या जाणाऱ्या चपट्या भागाची उंची ३.२ मिलिमीटर ही मापे ठरून गेलेली असल्यामुळे तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की बरोबर एका ठोकळ्याची उंची भरते. पुढे पर्यायी भाग शोधताना हेच गणित कामी येते.

ठोकळ्याच्या आतल्या बाजूला कोरलेला बारीक क्रमांक पाहून मागणी नोंदवली की हवा तोच भाग मिळतो, ही समजूत मात्र खिशाला चाट लावणारी आहे. तो क्रमांक साच्याचा, म्हणजे केवळ आकाराचा असतो आणि त्यात रंगाचा उल्लेख नसतो. आकार आणि रंग यांच्या प्रत्येक जोडीला कंपनी वेगळा क्रमांक देते. उदाहरणार्थ ३००१ या आकाराचा लाल ठोकळा ३००१२१ या क्रमांकाने नोंदलेला आहे. दोन आकार अगदी साधे असले तरी एखाद्या विशिष्ट रंगात त्यांतला एक वर्षानुवर्षे बनत आलेला असतो आणि दुसरा एकाच संचापुरता काढलेला असतो, त्यामुळे त्यांच्या किमतींत दहापट किंवा त्याहून अधिक फरक पडू शकतो. रंगांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. २००४ च्या सुमारास कंपनीने जुन्या राखाडी छटा बदलून किंचित निळसर राखाडी छटा आणल्या, म्हणून नव्वदच्या दशकातला किल्ल्याचा संच आजच्या राखाडी ठोकळ्यांनी पुरा करू पाहणाऱ्याच्या भिंतीवर ठिगळे दिसतात. यादीत नुसते 'राखाडी' लिहून मोकळे होणाऱ्यास हा धडा पैसे मोजूनच शिकावा लागतो.

मूळ खोका आणि सूचनापुस्तिका हरवली असेल तर काही करता येत नाही, हा गैरसमज त्या मानाने सहज दूर होण्याजोगा आहे. बऱ्याच जुन्या संचांच्या सूचनापुस्तिका कंपनी स्वतःच विनामूल्य उपलब्ध करून देते, आणि कोणत्या संचात कोणता भाग कोणत्या रंगात किती नग होता याच्या याद्या 'ब्रिकलिंक' आणि 'रिब्रिकेबल' या सूचींमध्ये हौशी अभ्यासकांनी काटेकोरपणे नोंदवून ठेवल्या आहेत. यांपैकी ब्रिकलिंक ही केवळ सूची नसून जगभरच्या लहानमोठ्या विक्रेत्यांची सुट्या भागांची बाजारपेठ आहे. २००० साली डॅन जेझेक या हौशी संग्राहकाने ती सुरू केली आणि २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच ती विकत घेतली.

सुटे भाग जमवणे नेहमीच स्वस्त पडते का, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी भारतीय वाचकाला ताजमहालाच्या संचाइतके बोलके उदाहरण मिळणार नाही. २००८ साली १०१८९ या क्रमांकाने निघालेल्या या संचात ५,९२२ भाग होते आणि अमेरिकेत त्याची छापील किंमत सुमारे ३०० डॉलर होती. उत्पादन थांबल्यावर सीलबंद खोक्याचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट चढला, आणि बंद झालेला संच म्हणजे सोन्यासारखी ठेव, असे सांगणारे हेच उदाहरण पुढे करू लागले. २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच संच ५,९२३ भागांसह १०२५६ या क्रमांकाने सुमारे ३७० डॉलरला पुन्हा बाजारात आणला, तेव्हा जुन्या खोक्यांचा फुगलेला भाव खाली आला. १९८७ ते २०१५ या काळातील संचांच्या किमतींचा अभ्यास करणाऱ्या मॉस्कोतील संशोधकांना बंद संचांचा सरासरी वार्षिक परतावा सुमारे ११ टक्के आढळला हे खरे. परंतु त्या सरासरीच्या पोटात मोठा तोटा देणारे संचही होते, आणि सरासरी म्हणजे हमी नव्हे, ही गोष्ट ठेव म्हणून खोके साठवणारे सोयीस्करपणे विसरतात.

सुट्या भागांनी उभारणी करणाऱ्याच्या दृष्टीने ताजमहालाचा संच अनुकूल आहे, कारण तो बहुतांश पांढरा आहे, पांढरा रंग साठ्यात कायम असतो आणि माणसांच्या बाहुल्यांचा भुर्दंड त्यात नाही. एखाद्या चित्रपटाशी निगडित संचात मात्र उलट स्थिती असते: भिंती, चाके आणि छप्पर मिळून होणाऱ्या खर्चापेक्षा दोन छापील बाहुल्यांची किंमत अधिक भरते, कारण त्या बाहुल्या दुसऱ्या कोणत्याच संचात नव्हत्या. म्हणूनच अनुभवी संग्राहक भागांची यादी किमतीच्या उतरत्या क्रमाने लावून आधी वरच्या दहा-वीस ओळी तपासतात आणि त्या ओळींचा खर्च झेपणार नसेल तर उरलेले हजारो स्वस्त ठोकळे विकत घेण्याच्या फंदात पडत नाहीत. बाजारात चालू असलेला संच मात्र सुट्या भागांतून जमवणे जवळजवळ नेहमीच आतबट्ट्याचे ठरते.

काटकसरीची खरी जागा बाजारात नसून यादीतच असते. मोठ्या संचातील बरेच भाग बाहेरून दिसत नाहीत. चौथऱ्याच्या पोटात आणि घुमटाखालच्या आधारात ते केवळ भार पेलत असतात, त्यामुळे तेथे कोणताही रंग चालतो आणि घरातल्या जुन्या डब्यातले ठोकळे थेट वापरता येतात. आठ खुंट्यांची लांब प्लेट महाग असेल तर जोड दिसू नये अशा ठिकाणी चार खुंट्यांच्या दोन प्लेटा चालतात, आणि एका ठोकळ्याऐवजी तीन प्लेटाही चालतात. अर्थात सांधे वाढले की भिंत दुबळी होते, म्हणून वरच्या थरातील भाग त्या सांध्यांवर आडवे येतील अशी काळजी घ्यावी लागते. एकाच भागाच्या साच्यात वर्षांगणिक झालेले सूक्ष्म बदलही असेच असतात: खालच्या बाजूची खाच किंवा नळी वेगळी असली तरी बांधकामात फरक पडत नाही, आणि नवी आवृत्ती बहुधा जुनीपेक्षा स्वस्त मिळते. ऐतिहासिक अचूकतेचा आग्रह धरणाऱ्याला ही तडजोड पटणार नाही, परंतु त्याने निदान त्या आग्रहाची किंमत आधी मोजून पाहावी.

जेथे प्रत्येक भाग सर्वांत स्वस्त तेथून तो घ्यावा, हा सल्ला ऐकायला तर्कशुद्ध वाटतो, पण प्रत्यक्षात तोच सर्वांत महाग पडतो. समजा, तीस विक्रेत्यांकडून घेतल्यास भागांची बेरीज सहा हजार रुपये होते आणि चार विक्रेत्यांकडून घेतल्यास आठ हजार. तीस पार्सलांचे टपाल जमेस धरले की दोन हजारांची ती बचत केव्हाच गिळली जाते. काही विक्रेते किमान खरेदीची अटही घालतात. म्हणून यादीतील जास्तीत जास्त ओळी एकट्याने भरून काढणारे दोन-तीन विक्रेते आधी शोधावेत आणि उरलेल्या दुर्मीळ भागांसाठी घाई न करता थांबावे. भारतातील विक्रेते संख्येने कमी आणि त्यांचे दर कधी कधी चढे असले, तरी देशांतर्गत टपालामुळे आणि सीमाशुल्काचा प्रश्न उद्भवत नसल्यामुळे एकूण हिशेबात ते अनेकदा सरस ठरतात.

येथे पनवेलपुरता एक खास गैरसमज येतो. उरण तालुक्यातील न्हावा-शेवा, म्हणजे १९८९ मध्ये सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर, हाकेच्या अंतरावर असल्यामुळे परदेशी माल येथे स्वस्त मिळत असणार, असे सहज बोलले जाते. शुल्क मात्र बंदरापासूनच्या अंतरावर ठरत नाही. न्हावा-शेव्याला उतरणारी खेळणी व्यापारी आयातदारांच्या कंटेनरांतून येतात. त्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. पनवेलच्या ग्राहकाने परदेशातून मागवलेले छोटे पार्सल बंदरात येतच नाही. ते मुंबईतील विदेश डाकघरातून किंवा विमानतळावरील कुरिअर टर्मिनलमधून सोडवले जाते. वैयक्तिक वापरासाठी अशा रीतीने येणाऱ्या वस्तूंना शुल्कतक्त्यात स्वतंत्र शीर्षक आहे, त्यांवर वस्तू व सेवा कराचा भारही पडतो आणि दर अर्थसंकल्पानुसार बदलतात, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी चालू दर पाहणे आवश्यक असते. शिवाय आकारणी केवळ ठोकळ्यांच्या किमतीवर नसून टपालखर्चासह होणाऱ्या मूल्यावर होते, ही बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पार्सलवर 'भेटवस्तू' असे लिहायला सांगितले की शुल्क लागत नाही, हा जुना तोडगाही आता निरुपयोगी आहे, कारण ऑनलाइन मागवलेला माल भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने सोडवण्यास डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने मनाई केली असून अपवाद केवळ जीवरक्षक औषधे आणि राखी यांचा आहे.

लेगोशी जुळणारे दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे म्हणजे बेकायदा नक्कल, असेही सरसकट म्हटले जाते. मूळ पेटंटाची मुदत केव्हाच संपली आहे, आणि ठोकळ्याचा आकार व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवण्याचा कंपनीचा प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये, तर युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला. खुद्द लेगोचा १९४९ चा पहिला ठोकळाही ब्रिटनमधील हिलरी फिशर पेज यांच्या किडिक्राफ्ट ठोकळ्यावरून घेतलेला होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. संचांची रचना, चित्रे आणि बाहुल्या यांची हुबेहूब नक्कल ही मात्र वेगळी गोष्ट असून तसे करणाऱ्या 'लेपिन' या चिनी टोळीच्या प्रमुखाला २०२० मध्ये शांघायच्या न्यायालयाने सहा वर्षांचा तुरुंगवास ठोठावला. साधे जुळणारे ठोकळे कायदेशीर असले तरी ते सारखेच घट्ट बसतात असे नाही. मापातील नगण्य फरक शंभर थरांत साठत जातो, त्यामुळे असे ठोकळे आतल्या भरावात मिसळावेत, पण मिनारासारख्या उंच आणि सडपातळ भागात टाळावेत.

सर्वांत स्वस्त साठा बहुधा शेजारीपाजारीच असतो. खारघर, कामोठे किंवा नवीन पनवेलमधील सोसायट्यांत मुले मोठी झाली की ठोकळ्यांचे डबे माळ्यावर जातात आणि ते किलोच्या भावाने मिळू शकतात. ३००१ क्रमांकाच्या एका ठोकळ्याचे वजन सुमारे २.३ ग्रॅम असल्याने किलोभर वजनात असे सव्वाचारशेच्या आसपास ठोकळे बसतात, यावरून मागितलेली किंमत पडताळता येते. अस्सल ठोकळ्याच्या प्रत्येक खुंटीवर कंपनीचे नाव असते, आणि दुप्पट मापाचे डुप्लो ठोकळे मिसळलेले असतील तर ते वजन फुगवतात, म्हणून डबा ओतून पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये.

जुने पांढरे ठोकळे पिवळे पडलेले असतात आणि हा पिवळेपणा म्हणजे मळ आहे असे समजून ते घासून काढणारे अनेक आहेत. वास्तविक एबीएस नावाचे हे प्लास्टिक अतिनील किरणांमुळे व हवेतील प्राणवायूमुळे रासायनिकदृष्ट्या बदलते, त्यामुळे साबणाने फक्त धूळ जाते. तीही ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम नसलेल्या पाण्यातच काढावी, अन्यथा भाग वाकतात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठोकळे बुडवून काही तास उन्हात ठेवले की पिवळेपणा उतरतो, परंतु हे काम हातमोजे घालूनच करावे लागते, छापील भागांवर ते करू नये, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते बहुधा साधत नाही. परिणाम कायमचा नसल्याने काही वर्षांत पिवळेपणा परत येऊ शकतो. म्हणून ताजमहालाच्या घुमटासाठी व दर्शनी कमानींसाठी नवे पांढरे भाग घेणे आणि उजळवलेले जुने भाग चौथऱ्याच्या आत वापरणे, अशी विभागणी यादी करतानाच ठरवलेली बरी.