सेंद्रिय अन्नाचा जमाखर्च

चतुर्थी दोन दिवसांवर आली की पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथील बाजारांत माटोळीचे सामान येऊन पडते. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण या तालुक्यांतील माणसे कुळागरांतला आणि रानातला माल घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. असोले नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंगे, चिबूड, कांगले हे सारे आपण घासाघीस करून घेतो. पण त्यावर औषध मारले आहे काय, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. त्याच फेरीत खतखत्यासाठी घेतलेली भाजी मात्र बहुतांशी घाट उतरून बेळगावहून आलेली असते, आणि ती निवडताना आजची गृहिणी साशंक असते. देवाच्या मस्तकावर टांगावयाच्या फळांविषयी निश्चिंत असणारे आपण नैवेद्याच्या पानातील भाजीविषयी निश्चिंत का नाही, हा प्रश्न आज विचारण्याजोगा झाला आहे.

ही शंका निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. जुलै २०१८ मध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयाने साऱ्या गोव्याच्या जेवणाची चव गेली होती आणि सरकारला मासळीच्या आयातीवर काही काळ बंदी घालावी लागली होती. अन्नावरचा विश्वास एकदा उडाला की तो परत मिळविणे फार कठीण जाते. या अविश्वासातूनच ‘सेंद्रिय’ हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर आला आणि त्यापाठोपाठ दीडपट-दुपटीचा भावही आला. हा शब्द खरोखर किती मोलाचा आहे, त्याच्या जमेच्या बाजूला काय मांडावे आणि खर्चाच्या बाजूला काय, याचा शांतपणे हिशेब करणे अगत्याचे आहे.

सेंद्रिय शेती ही परदेशांतून आलेली नवी टूम आहे असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इंदूर येथे १९२४ मध्ये होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर एक कृषिसंस्था उभी राहिली. सर आल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने तेथे शेण, पालापाचोळा, काडीकचरा आणि माती यांपासून पद्धतशीर कंपोस्ट करण्याची रीत बसविली. ती पुढे ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. १९३१ मध्ये या विषयावर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचे नाव आहे. हॉवर्ड यांनी या देशातील शेतकऱ्यांना आपले गुरू मानले होते, हे विसरून चालणार नाही. आज परदेशी शिक्का मिरवीत महागड्या पुडक्यांतून जी विद्या आपल्याकडे परत येते, तिचे एक मूळ माळव्याच्या मातीत आहे.

आता जमेची बाजू पाहू. सेंद्रिय शेतीचा पहिला लाभ खाणाऱ्याला होत नाही, तो मातीला, पाण्याला आणि शेतात राबणाऱ्या माणसाला होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. कासरगोडचे उदाहरण आमच्या किनाऱ्यावरचेच आहे. केरळच्या त्या जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. मळ्यांच्या आसमंतातील वस्त्यांत जन्मजात व्यंगे, मतिमंदत्व आणि मज्जासंस्थेचे विकार यांनी पछाडलेली मुले दिसू लागली, तेव्हा लोक जागे झाले. २००० नंतर ती फवारणी थांबली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर या औषधावर बंदी आणली. आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्यांनी हे दुःख भोगले त्यांनी तो काजू विकत घेऊन खाल्ला नव्हता. ते केवळ मळ्याच्या शेजारी राहत होते. काजूची बागायत असलेल्या गोव्याने हा धडा कायमचा लक्षात ठेवावा.

आमच्या खाजन शेतीच्या बाबतीत तर हा लाभ अधिकच उघड आहे. खाडीच्या भरतीला बांधाने थोपवून, मानशीच्या दारांतून पाण्याची ये-जा राखून आमच्या पूर्वजांनी ही जमीन समुद्राच्या तोंडातून काढली. त्या खारट मातीत कोरगुटासारखे भात रासायनिक खताचा कणही न घालता शतकानुशतके पिकत आले. त्याच पाण्यात काळुंदर, शेवटे, सुंगटे, कुर्ल्या वाढतात आणि मानशीवर पकडल्या जातात. एकाच जमिनीतून भात आणि मासळी देणाऱ्या या व्यवस्थेत विषारी औषध शिरले, तर ते एका शेतापुरते राहत नाही. पहिल्याच ओहोटीला ते साऱ्या खाजनातून फिरते. येथे एकट्याने सेंद्रिय शेती करता येत नाही आणि एकट्याने विष वापरून निर्धास्तही राहता येत नाही.

खाणाऱ्याच्या आरोग्याचे काय? या बाबतीत अतिशयोक्ती फार झाली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वे लक्षणीय अधिक असतात असे त्यांना आढळले नाही. मात्र त्यात कीटकनाशकांचे अंश सापडण्याची शक्यता कमी असते, हे त्यांनी मान्य केले. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ मध्ये झालेल्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही उपयुक्त द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत, भरपूर सेंद्रिय अन्न खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तर ब्रिटनमध्ये सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत एकंदर कर्करोगाच्या बाबतीत असा लाभ दिसला नव्हता. सेंद्रिय अन्न परवडणारा माणूस बहुधा सुस्थितीत असतो, व्यायाम करतो, धूम्रपान टाळतो. तेव्हा त्याच्या आरोग्याचे श्रेय नेमके कशाला द्यावे, हे ठरविणे सोपे नसते. विषाचा अंश पोटात कमी गेलेला बरा, एवढे निश्चित. त्यापलीकडे सेंद्रिय तांदळाने मधुमेह बरा होतो, सेंद्रिय गुळाने रक्त शुद्ध होते असल्या जाहिरातींस वाचकांनी मुळीच भुलू नये.

खर्चाच्या बाजूची पहिली रक्कम उत्पन्नाची आहे. जगभरातील अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये निघालेल्या निष्कर्षानुसार सेंद्रिय शेतीचे उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी कमी भरते. पीक आणि परिस्थिती यांनुसार ही तूट ५ टक्क्यांपासून ३४ टक्क्यांपर्यंत बदलते. फळझाडांत ती कमी, धान्यात अधिक. म्हणजे आमच्या कुळागरांस जे सहज साधते ते भातशेतीस साधेलच असे नाही. खताचा साधा हिशेब पाहावा. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात सुमारे २० किलो नत्र असते. चांगल्या शेणखतात नत्राचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरले, तर तेवढ्याच नत्रासाठी चार टन शेणखत लागते. एक माणूस खांद्यावर टाकून नेतो त्या पोत्याच्या जागी चार टनांची वाहतूक आली. शेणखताने माती भुसभुशीत होते, ती पाणी धरून ठेवते, हे युरियाला साधत नाही हे खरे. पण गावोगावचे गोठे ओस पडत असताना आणि मजूर मिळेनासे झाले असताना हे शेणखत आणावयाचे कोठून आणि शेतात पसरावयाचे कोणी? ‘आमचे वाडवडील करीतच होते’ असे म्हणणाऱ्यांनी वाडवडिलांच्या घरी किती गुरे आणि शेतावर किती माणसे होती, याचीही आठवण ठेवावी.

दुसरी रक्कम मधल्या वर्षांची. प्रमाणपत्राच्या राष्ट्रीय नियमांनुसार हंगामी पिकांच्या जमिनीस दोन वर्षे आणि बागायतीस तीन वर्षे संक्रमणाची धरावी लागतात. या काळात शेतकऱ्याने रासायनिक खत-औषध सोडलेले असते, उत्पन्न घटलेले असते. पण मालावर सेंद्रिय म्हणून शिक्का लावता येत नाही, म्हणून वाढीव भावही मिळत नाही. हा तोटा सोसण्याचे बळ लहान शेतकऱ्याच्या अंगी नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘नैसर्गिक ते सारे निर्धोक’ ही भ्रामक समजूत. २०११ मध्ये जर्मनीत एका सेंद्रिय शेतावरील मोड आलेल्या मेथीतून रोगजंतू पसरले आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणांस मुकली. सुपारीच्या कोळेरोगावर आम्ही मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतो. सेंद्रिय शेतीतही ताम्रयुक्त औषधांना मर्यादित मुभा आहे, परंतु तांबे मातीत साठत जाते. कच्चे शेण भाजीच्या वाफ्यात घालणे आणि ती भाजी न धुता खाणे हे सेंद्रिय असले तरी शहाणपणाचे नाही.

चौथी बाब शिक्क्याच्या विश्वासार्हतेची. २०१७ चे सेंद्रिय अन्नाविषयीचे विनियम जुलै २०१८ पासून अंमलात आले आणि ‘जैविक भारत’ ही खूण ठरली. तरीही प्रमाणपत्रांचा बाजार पुरता स्वच्छ झाला नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय व्यवस्थेतून मिळणाऱ्या सेंद्रिय प्रमाणपत्रांना दिलेली मान्यता जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्याचा निर्णय जाहीर केला. परदेशी ग्राहकाला जी शंका आली ती आपल्या ग्राहकाने बाळगली, तर त्याला दोष देता येणार नाही.

मग सरकारने एका हुकुमाने सारी शेती सेंद्रिय करावी काय? श्रीलंकेने हा प्रयोग करून पाहिला. २०२१ च्या वसंतात तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भाताचे पीक घटले, चहाच्या मळ्यांस फटका बसला, तांदळाच्या बाबतीत जवळजवळ स्वयंपूर्ण झालेल्या देशावर तांदूळ आयात करण्याची पाळी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. उलट सिक्कीमने २००३ मध्ये संकल्प सोडला, रासायनिक खतांवरील अनुदान क्रमाक्रमाने कमी केले आणि जानेवारी २०१६ मध्ये संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून त्याची घोषणा झाली. त्यालाही धान्यासाठी बाहेरच्या राज्यांवर अवलंबून राहावे लागतेच. तथापि बारा वर्षांचा धीर आणि काही महिन्यांचा उतावळेपणा यांतील अंतर या दोन उदाहरणांवरून कळते.

गोव्याने यातून काय घ्यावे? आमच्या मते सेंद्रियतेचा आरंभ दुकानातील पुडक्यापासून न करता बांधापासून करावयास हवा. खाजनाचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की तेथे सेंद्रिय किंवा रासायनिक कोणतेच भात पिकत नाही. उरते ती खाजण आणि तिच्यावर डोळा ठेवून बसलेला जमिनीचा दलाल. म्हणून बांध आणि मानशी यांची वेळेवर दुरुस्ती ही पहिली गरज. गावकऱ्या, कूळसंघ आणि सरकार यांनी एकमेकांकडे बोट दाखविण्याचा खेळ आता पुरे करावा. दुसरे, संक्रमणाच्या दोन-तीन वर्षांत शेतकऱ्याला होणारा तोटा सरकारने भरून द्यावा. स्वच्छ पाण्याचा आणि जिवंत मातीचा लाभ साऱ्या समाजाला मिळणार असेल, तर त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी? तिसरे, घाटावरून येणाऱ्या भाजीची नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निकाल लोकांसमोर मांडले जावेत. बेळगावचा शेतकरी आमचा शत्रू नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत त्याच्या गाड्या अडल्या तेव्हा आमच्या चुलींची काय अवस्था झाली, हे सर्वांनी अनुभवले आहे. गोव्याची बहुसंख्य घरे त्याच्याच भाजीवर जगतात. तेव्हा मूठभरांना सेंद्रिय भाजी मिळण्यापेक्षा सर्वांना मर्यादेत औषध मारलेली, तपासलेली भाजी मिळणे हे अधिक मोठे काम आहे. चौथे, अंगणवाड्यांतून आणि शाळांतून दिल्या जाणाऱ्या आहारात गावचा उकडा तांदूळ, नाचणी आणि अळसांदे यांना स्थान मिळाले, तर लहान शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळेल आणि स्वच्छ अन्न प्रथम ज्यांना हवे त्या मुलांच्या मुखी लागेल.

ग्राहकांचेही एक कर्तव्य आहे. शहरातल्या वातानुकूलित दुकानात छापील भाव निमूटपणे देणारे आपण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजीची जुडी घेऊन बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो. तिच्याजवळ प्रमाणपत्र नसते, हे खरे. परंतु ती कोणत्या गावची, तिचा मळा कोठे, ती खत काय घालते, औषध मारते की नाही, हे तिला विचारता येते. पुढच्या शुक्रवारी तिला जाबही विचारता येतो. पाच किंवा अधिक शेतकऱ्यांनी एकत्र येऊन परस्परांच्या शेतांची पाहणी करावयाची आणि हमी घ्यावयाची, अशी सहभागी हमीची पद्धत सरकारने मान्य केलेली आहे. ओळखीवर चालणाऱ्या आमच्या लहानशा राज्यास ती विशेष सोयीची आहे.

शुद्ध अन्न हे सुखवस्तू माणसाचे पथ्य होऊन बसले आणि गरिबाच्या ताटात संशय उरला, तर या साऱ्या चळवळीचा जमाखर्च तोट्याचाच म्हणावा लागेल. माटोळीला टांगलेल्या फळावर आपण विश्वास टाकतो, कारण ते कोणत्या रानातून, कोणाच्या कुळागरातून आले हे आपल्याला ठाऊक असते. तोच विश्वास रोजच्या भातभाजीला लाभावा, यासाठी शेत, शेतकरी आणि बाजार या तिघांकडे लक्ष पुरवावे लागेल. ते काम एका चतुर्थीत होणारे नाही. पण या चतुर्थीला त्याचा आरंभ करावयास काहीच हरकत नसावी.