संगणकाच्या पडद्याचे रंग-अंशशोधन : आदेश-ओळीवरून भरण्याची व तपासण्याची पद्धती

प्रस्तावना

विलेपार्ले आणि लगतचे अंधेरी हा परिसर चित्रपट, जाहिरात व संकलन या व्यवसायांशी निगडित आहे. येथील महाविद्यालयांतून या विषयांचे अभ्यासक्रम चालतात आणि विद्यार्थ्यांचे बहुतेक काम संगणकाच्या पडद्यावर पाहूनच तपासले जाते. शेंदराचा लाल आणि कुंकवाचा लाल यांतील भेद एका पडद्यावर स्पष्ट दिसला आणि दुसऱ्यावर पुसट झाला, तर उणीव विद्यार्थ्याच्या दृष्टीत आहे की यंत्रात, हे सांगता येत नाही. मूल्यमापनाच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

रंग एका ठिकाणी योजावा आणि दुसऱ्या ठिकाणी तो वेगळाच उतरावा, ही अडचण मराठी चित्रसृष्टीस नवी नाही. प्रभात फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री' (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करण्यात आल्या. परंतु पडद्यावर रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. आज साधने बदलली असली, तरी योजलेला रंग आणि दिसणारा रंग यांतील अंतर मोजण्याची गरज कायम आहे. हे अंतर मोजण्याचा व कमी करण्याचा एक अल्पखर्ची मार्ग प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

अंशशोधन आणि प्रोफाइल

या दोन संकल्पनांत वारंवार गल्लत होते. अंशशोधन, म्हणजेच कॅलिब्रेशन, ही पडद्याला ठरावीक स्थितीत आणण्याची क्रिया होय. सर्वसाधारण कामासाठी डी६५ हा श्वेतबिंदू (सुमारे ६५०० केल्व्हिन) आणि २.२ हा गॅमा ही लक्ष्ये घेतली जातात. त्यासाठी लागणारी दुरुस्ती लाल, हिरवा व निळा यांच्या तीन वक्रांच्या रूपाने ग्राफिक्स कार्डातील तक्त्यात भरली जाते. प्रोफाइल हे मात्र त्या स्थितीतील पडद्याचे वर्णन असते. १९९३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्ण संघाच्या, म्हणजे आयसीसीच्या, प्रमाणानुसार ते लिहिले जाते. अनेकदा अंशशोधनाचे वक्र प्रोफाइलच्या फाइलमध्येच साठवलेले असतात. वक्र भरल्याने राखाडी छटा व श्वेतबिंदू सुधारतात. इतर रंगांचे अचूक रूपांतर प्रोफाइल वाचू शकणारे सॉफ्टवेअरच करू शकते.

भरण्याची पद्धती

ग्रेम गिल यांनी विकसित केलेली 'आरगिल सीएमएस' ही मुक्त-स्रोत प्रणाली विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. तिच्यातील 'डिस्पविन' हा आदेश तक्ता भरण्याचे काम करतो. पडदा सुमारे अर्धा तास चालू ठेवून स्थिरावल्यावर पुढील क्रम अनुसरावा.

१. 'डिस्पविन'पुढे आडवी रेघ व स्मॉल 'सी' टंकावे. त्यामुळे जुना तक्ता पुसला जाऊन सरळ रेषेचा तक्ता भरला जातो.
२. 'डिस्पविन'पुढे अंशशोधनाच्या किंवा प्रोफाइलच्या फाइलचे नाव द्यावे. नवे वक्र भरले जातात व पडद्याची छटा किंचित बदलते.
३. एकाहून अधिक पडदे असल्यास आडवी रेघ व स्मॉल 'डी' यांपुढे पडद्याचा क्रमांक द्यावा.

पहिली व दुसरी पायरी आलटून-पालटून करूनही काहीच बदल दिसला नाही, तर दोन शक्यता असतात : वक्र मुळातच जवळजवळ सरळ आहेत, किंवा यंत्रणा तक्ता स्वीकारत नाही.

तपासणीचे दोन स्तर

तपासणीत दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. पहिला, 'तक्ता भरला गेला आहे का?' त्याचे उत्तर 'डिस्पविन'पुढे आडवी रेघ, कॅपिटल 'व्ही' आणि फाइलचे नाव दिल्यास मिळते. संगणक पुन्हा सुरू केल्यावर, निद्रावस्थेतून जागा झाल्यावर अथवा रात्रीचा उबदार प्रकाश देणारी सुविधा चालू असल्यास तक्ता नकळत बदलू शकतो. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामापूर्वी ही तपासणी करावी. तक्ता भरण्याचा आदेश संगणक सुरू होतानाच आपोआप चालेल अशी व्यवस्था करणेही हिताचे.

दुसरा प्रश्न, 'भरलेला तक्ता योग्य आहे का?' याचे उत्तर पहिल्या तपासणीतून मिळत नाही, कारण चुकीचा तक्ताही व्यवस्थित भरला जाऊ शकतो. येथे पडद्यावर ठेवायचे वर्णमापक उपकरण आवश्यक ठरते. 'डिस्पकॅल' या आदेशापुढे कॅपिटल 'आर' दिल्यास अंशशोधनाविना पडद्याचा, आणि स्मॉल 'आर' दिल्यास अंशशोधित पडद्याचा अहवाल मिळतो. त्यात काळ्या व पांढऱ्याची दीप्ती, गॅमा आणि श्वेतबिंदूचे तापमान नोंदलेले असते. एका अक्षराच्या लहान-मोठेपणाने मोजमापाचा अर्थ बदलतो, हे ध्यानात ठेवावे. केवळ डोळ्यांवर विसंबणे योग्य नाही. डोळा काही मिनिटांतच पडद्याच्या पिवळसर वा निळसर छटेस सरावतो आणि तिलाच पांढरी मानू लागतो.

मर्यादा

आठ बिटांच्या जोडणीत प्रत्येक मूलवर्णाच्या २५६ पायऱ्या असतात. दुरुस्ती मोठी असल्यास त्यांतील काही एकरूप होतात व आकाशासारख्या सलग छटांत पट्टे दिसू लागतात. म्हणून शक्य तेवढी दुरुस्ती आधी पडद्याच्या स्वतःच्या बटनांनी करावी. तसेच, लिनक्सवरील वेलँड या नव्या व्यवस्थेत सामान्य प्रोग्रामला हा तक्ता थेट बदलता येत नाही. तेथे डेस्कटॉपच्या रंग-व्यवस्थेचा आधार घ्यावा लागतो. शिवाय, मुळात कमी रंग दाखवणारा स्वस्त पडदा अंशशोधनाने अधिक रंग दाखवू लागत नाही.

निष्कर्ष

वरील प्रणाली विनामूल्य आहे आणि एकच वर्णमापक संपूर्ण प्रयोगशाळेस पुरतो. महागडा पडदा प्रत्येक विद्यार्थ्यास परवडणारा नाही; परंतु महाविद्यालयाने प्रत्येक पडद्याचा अहवाल ठरावीक काळाने नोंदवून ठेवला, तर विद्यार्थ्याचे काम कोणत्या स्थितीतील पडद्यावर पाहिले गेले, हे निश्चित सांगता येईल. गुणदान करणाऱ्या परीक्षकाने आपला पडदा आधी तपासणे हे काटा तपासून मगच वजन करण्यासारखे आहे.