बूट्स : बाप जडीबुटीवाला, मुलगा हाडाचा दुकानदार

नॉटिंगहॅमच्या गूज गेट रस्त्यावर १८४९ साली जॉन बूट नावाच्या माणसाने जडीबुटीचं दुकान थाटलं. बूट्स या ब्रिटिश औषधदुकानांच्या साखळीची ती सुरुवात. आधी तो शेतमजुरी करायचा. १८६० मध्ये तो गेला. दुकान बायकोने, मेरीने, चालवलं आणि दहा वर्षांचा जेसी तिच्या हाताखाली पुड्या बांधायला लागला.

जेसी औषधशास्त्र शिकला नव्हता. त्याला कळायचा तो भाव. इतर केमिस्ट एप्सम सॉल्ट औंसाला एक पेनी लावत. जेसीने माल टनावारी उचलला आणि पौंडाला एक पेनी लावली. पौंडात औंस सोळा! शहरातले केमिस्ट खवळले नसते तरच नवल.

तरी विषारी द्रव्यं विकायला नोंदणीकृत फार्मासिस्टच हवा, असा १८६८ चा कायदा होता. १८८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की कंपनी म्हणजे या कायद्यातली ‘व्यक्ती’ नव्हे. जेसीने १८८३ मध्ये कंपनी काढली. ही पळवाटच होती, यात शंका नाही. पण पुढच्याच वर्षी त्याने एडविन वॉरिंग हा शिकलेला फार्मासिस्ट नेमला आणि चिठ्ठीवरची औषधं जवळपास निम्म्या दरात द्यायला सुरुवात केली. गिरणी कामगाराच्या घरी याचा अर्थ काय होता, ते वेगळं सांगायला नको.

बायको फ्लॉरेन्स जर्सी बेटावरच्या पुस्तकविक्रेत्याची मुलगी. तिच्या आवडीतून दुकानांत वर्गणीचं वाचनालय आलं. ते बहुधा मागे किंवा वरच्या मजल्यावर असे, म्हणजे कादंबरी बदलायला आलेल्या बाईला साबण-अत्तरांच्या मांडणीसमोरूनच जावं लागे. हे वाचनालय १९६६ पर्यंत चाललं. एवढं गोड जाळं मी दुसऱ्या कुठल्या दुकानाचं पाहिलेलं नाही.

जेसीला मात्र संधिवाताने जखडलं. उतारवयात तो चाकाच्या खुर्चीत होता. १९२० मध्ये त्याने कंपनी अमेरिकी युनायटेड ड्रग कंपनीला विकली. ती ब्रिटिश हाती परतली १९३३ मध्ये. त्याआधी दोन वर्षं जेसी वारला होता. पुढे याच कंपनीत संशोधक स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स संधिवातावर ॲस्पिरिनपेक्षा सोसवेल असं औषध शोधत बसला. शेकडो संयुगं तपासून झाल्यावर आयबुप्रोफेन हाती लागलं. १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये चिठ्ठीवर मिळू लागलं. आपल्याकडे गुडघे धरून बसलेल्या आजीने मागितलेली ब्रुफेन ती हीच.