भरतपूरची सहल : आधीं पाण्याची चौकशी

राजस्थानांतील भरतपूर शहराला लागूनच केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील लोक त्यास नुसतें ‘घना’ म्हणतात. घना म्हणजे दाट झाडी. पक्ष्यांच्या या प्रसिद्ध ठिकाणीं शाळेची सहल न्यावी, अशी इच्छा वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं बोलून दाखविली, आणि तेव्हांपासून पालकांचे प्रश्न सुरू झाले आहेत. खर्च किती, थंडी कितपत, गाडी कोणती, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु भरतपूरच्या बाबतींत या सर्वांच्या आधीं विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे : ‘यंदा तेथें पाणी आलें आहे काय?’ हा प्रश्न कां विचारावा लागतो हें समजलें, म्हणजे सहलीची निम्मी तयारी झाली असें आम्ही मानतों.

पक्ष्यांचें सरोवर म्हटलें कीं तें निसर्गानेंच निर्मिलें असेल, अशी आपली समजूत असते. घन्याचें तसें नाहीं. गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील ही मुळांत एक खोलगट जागा. अठराव्या शतकांत महाराजा सूरजमल यांच्या काळीं तिच्याजवळ अजान बांध घालण्यांत आला. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरच्या संस्थानिकांनीं बदकांच्या शिकारीकरितां या जागेंत लहान लहान बांध, पाट व पाणी सोडण्याचीं दारें करून तिचे अनेक भाग पाडले. उद्यानाचें एकंदर क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर. त्याचा सुमारें एक तृतीयांश भाग पाणथळ आहे व तेथील पाणी उथळ असतें. बाकीचा गवताळ माळ व काटेरी झाडी. म्हणजे घर निसर्गाचें खरें, पण त्याच्या दाराची किल्ली माणसाच्या हातीं. कोणीं दार उघडलें नाहीं तर आंत पाणी नाहीं, व पाणी नाहीं तर पाखरें नाहींत.

हें पाणी साधारणतः पावसाळ्याच्या मध्यास सोडलें जातें, आणि त्याबरोबर माशांचीं असंख्य पिलें आंत येतात. पाण्यांत उभ्या असलेल्या बाभळींवर मग एकच गर्दी होते. रंगीत करकोचे, उघड्या चोंचीचे करकोचे, पाणकावळे, बगळे, शराटी, चमचे अशा निरनिराळ्या जातींचे पक्षी एकाच झाडावर शेजारधर्मानें घरटीं करितात. बाभळीच्या बुडाशीं पाणी असल्यामुळें कोल्हे व रानमांजरें यांस वर जाणें कठीण, आणि पिलांच्या तोंडीं घालावयास मासे समोरच हजर. करकोच्याच्या ऋतुज्ञानाचा दाखला यिर्मया संदेष्ट्यानें फार प्राचीन काळीं आपल्या लोकांस दिला होता, हें शास्त्राभ्यासाच्या वर्गांतील मुलांस आठवत असेल. परंतु काळ कळूनहि पाण्याचा पत्ता नसेल, तर बिचाऱ्या करकोच्यानें काय करावें? अशा वर्षीं त्या बाभळींवर घरटीं होत नाहींत, किंवा फार थोडीं होतात.

ऑक्टोबरापासून उत्तरेकडील पाहुणे येऊं लागतात. हिमालय ओलांडून येणारे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. तलवारीसारख्या अणकुचीदार शेपटीचीं तलवार बदकें. पसरट चोंचीचे थापटे. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या ज्या काळ्या पक्ष्यास आपण ‘वारकरी’ म्हणतों, तेहि येथें थव्याथव्यांनीं पोहतांना दिसतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखालीं येथील पक्ष्यांच्या पायांत खुणेचीं वाळीं घालून त्यांस सोडून दिलें होतें. त्यांपैकीं कांहीं बदकें पुढें सोव्हिएट रशियांत सांपडलीं. हा प्रवास नकाशावर बोटानें करून पाहावा, म्हणजे आपल्या आगगाडीच्या प्रवासाची कुरकुर कमी होईल!

आतां जावें केव्हां? भरतपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेस उपोष्ण कटिबंधांत असल्यामुळें तेथील ऋतु आपल्याकडच्यासारखे सौम्य नाहींत. मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि जानेवारींत पहाटे पांच अंशांच्या आसपास उतरतो. पुष्कळ लोक डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम मानितात, कारण तेव्हां बदकांची संख्या मोठी असते. परंतु त्याच सुमारास उत्तरेंत दाट धुकें पडतें. गाड्या तासन्‌तास रखडतात आणि सकाळीं दहा वाजेपर्यंत पाण्यावरचें कांहीं दिसत नाहीं असेहि दिवस येतात. शिवाय नाताळांत मुलें आपल्या घरीं व उपासनामंदिरांत असावीं हें निराळेंच. आमच्या मतें दिवाळीची सुटी अधिक सोयीची. त्या वेळीं करकोच्यांचीं वाढलेलीं पिलें अद्याप घरट्यांजवळ असतात, आणि पाहुण्यांची पहिली फळीहि उतरलेली असते. एका फेरींत दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात.

उद्यानांत खाजगी मोटारी नेतां येत नाहींत, हें उत्तमच आहे. पायीं, भाड्याच्या सायकलीनें किंवा रिक्षानें हिंडावें. तेथील अनुभवी रिक्षावाल्यांची नजर मोठी तयार असते; आपल्याला वाळकें पान दिसावें तेथें त्यांस घुबड दिसतें. दाराशीं उतरल्याबरोबर धांवत सुटून शंभर पक्ष्यांचीं नांवें वहींत टिपण्यापेक्षां, एकाच बांधावर तासभर स्वस्थ बसून दहा पक्षी नीट पाहणें आम्ही अधिक पसंत करूं. भडक कपडे नकोत, खाऊच्या कागदांचा चुरचुर आवाज नको. चार मुलांत मिळून एक दुर्बीण पुरे होते.

मुख्य रस्ता केवलादेवाच्या मंदिराकडे जातो. या शंकराच्या मंदिरावरूनच उद्यानास नांव मिळालें. जवळच कोरीव लेखाच्या पाट्या आहेत, त्यांजपाशीं मुलांनीं अवश्य थांबावें. येथें झालेल्या शिकारींच्या तारखा, पाहुण्यांचीं नांवें व मारलेल्या पक्ष्यांचे आंकडे त्यांवर कोरले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. तो आंकडा वाचून अंगावर कांटा येतो. आणि तरीहि हें कबूल करावें लागतें कीं, ज्यांनीं हीं तळीं केलीं ते हेच शिकारीचे शोकी लोक होत. त्यांच्या बंदुकांकरितां आणलेल्या पाण्यावर आज साडेतीनशेंहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे.

संरक्षण आलें तेंहि सरळ वाटेनें आलें नाहीं. १९८१ सालीं रामसर कराराअन्वयें जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादींत भारताचीं जीं पहिलीं दोन स्थळें गेलीं, त्यांत चिल्का सरोवराबरोबर केवलादेवहि होतें. लवकरच तें राष्ट्रीय उद्यान झालें, व १९८५ सालीं जागतिक वारसा ठरलें. परंतु १९८२ सालीं उद्यानांत गुरें चारण्यास एकाएकीं बंदी करण्यांत आली, तेव्हां पिढ्यान्‌पिढ्या तेथें म्हशी चारणारे आसपासचे गांवकरी संतापले. नोव्हेंबरांत पोलिसांचा गोळीबार होऊन त्यांतील कांहीं जण मृत्युमुखीं पडले. पुढें झालें तें ऐकण्यासारखें आहे. म्हशी गेल्या आणि पाण्यांतील गवत मोकाट माजलें. त्यानें तळीं भरून टाकलीं, व बदकांस पोहावयास मोकळें पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीं दहा वर्षें निरीक्षण करून असा निष्कर्ष काढिला कीं, म्हशींचें चरणें या पाणथळास उपकारकच होतें. ज्या गुराख्याला पक्ष्यांचा शत्रु समजून हांकून दिलें, त्याचीं जनावरें फुकट राखणदारी करीत होतीं!

एक पाहुणा मात्र आतां तेथें दिसणार नाहीं. शुभ्र वर्णाचा, तांबड्या मुखाचा सायबेरियन क्रौंच हिंवाळ्यांत येथें येत असे. १९६०च्या दशकांत त्यांची संख्या दोनशेंपर्यंत होती. वाटेंत अफगाणिस्तान व पाकिस्तान या प्रदेशांत त्यांची शिकार होई. १९९०च्या दशकांत बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि २००१-०२च्या हिंवाळ्यानंतर एकहि आला नाहीं. आपला सारस पक्षी मात्र जोडीजोडीनें तेथें दिसतो. महाराष्ट्रांत तो गोंदियाकडे थोडा उरला आहे. म्हणून भरतपूरला तो दिसल्यास मुलांनीं घाई करूं नये.

पुन्हां पाण्याकडे वळूं. गंभीर नदीवर वरच्या अंगास, करौली जिल्ह्यांत, पांचना धरण झालें, आणि खालीं येणारें पाणी तेथें अडूं लागलें. गेल्या शतकाचें शेवटचें दशक संपून नवें सुरू झाल्यावर कांहीं वर्षें उद्यान जवळजवळ कोरडें पडलें. पांढरपेशा बगळ्यांच्या जागीं वेडी बाभूळ फोफावली. उद्यानास वर्षाला सुमारें ५५ कोटी घनफूट पाणी लागतें. ‘आमचीं शेतें तहानलेलीं असतां पाखरांस पाणी कशाला?’ असें धरणाजवळचा शेतकरी विचारतो, आणि त्याला वेडा म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. पण तळीं सुकलीं म्हणजे रिक्षावाल्याची, वाटाड्याची व लहान खाणावळवाल्याची चूलहि थंडावते, हें त्यालाहि कोणीं सांगावयास हवें. पुढें गोवर्धन नाल्याचें पुराचें पाणी व चंबळा नदीचें पाणी आणण्याची सोय करण्यांत आली. तरी भांडण अगदीं मिटलें असें नाहीं, आणि दरवर्षीं पावसाकडे डोळे लागतातच.

प्रवासाचें सांगावयाचें तर मुंबईहून कोट्यावरून दिल्लीस जाणाऱ्या लोहमार्गावर भरतपूर स्टेशन आहे. अंतर सुमारें १२०० किलोमीटर. सर्व जलद गाड्या तेथें थांबत नाहींत, हें तिकीट काढण्यापूर्वीं पाहावें. इतक्या लांब नुसतीं पाखरें पाहावयास कशाला, असें कांहीं पालक म्हणतात. त्यांस आम्ही भरतपूरचा लोहगड दाखवूं. १७६१ सालीं पानिपतावर आपला सर्वनाश झाला, तेव्हां उपाशी, जखमी स्थितींत परत फिरलेल्या मराठ्यांस याच सूरजमल राजानें आश्रय, अन्न व वस्त्र दिलें. १८०५ सालीं यशवंतराव होळकर याच किल्ल्याच्या आश्रयास असतां इंग्रज सेनापति लेक यानें त्यास वेढा घातला, वारंवार हल्ले केले, आणि तरी किल्ला घेतां न आल्यानें शेवटीं तह केला. एक सकाळ पाण्यावर व एक दुपार किल्ल्यावर, असा बेत केल्यास इतिहासाच्या शिक्षकांचीहि तक्रार राहणार नाहीं.

रेल्वेचें आरक्षण हल्लीं साठ दिवस आधीं खुलें होतें, म्हणजे दिवाळीकरितां आपणांस ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरांत निर्णय करावा लागेल. सुदैवानें तोंपर्यंत तिकडील पावसाचा रंग कळलेला असतो. तेव्हां उद्यानाच्या कचेरींत चौकशी करून, तळ्यांत पाणी सोडलें आहे असें उत्तर आलें तरच तिकिटें काढावीं. उत्तर उलट आलें तर नाशिक जिल्ह्यांत निफाडजवळचें नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील हें पाणथळ २०१९ सालीं रामसर यादींत गेलें, व लोक त्यास ‘महाराष्ट्राचें भरतपूर’ म्हणतात. तेथें खर्च थोडा, प्रवास एका रात्रीचा. आणि वारकरी पक्षी तेथेंहि भेटतील. वर्गणी कोणत्या ठिकाणासाठीं घ्यावयाची, हें सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत फलकावर लावूं.