चौदा गुणांचा संघ

शरीरास पंगुत्व आले की माणसाच्या कर्तृत्वाचे दार कायमचे मिटले, अशी समजूत आपल्यांतील पुष्कळांच्या मनात अद्याप घर करून आहे. ती किती फोल आहे, हे कॅनडाच्या पॅट्रिक अँडरसन या खेळाडूच्या चरित्रावरून ध्यानात येते. चाकांच्या खुर्चीवर बसून खेळावयाच्या बास्केटबॉलमध्ये जगातील श्रेष्ठ खेळाडूंत त्याची गणना होते.

पॅट्रिकचा जन्म १९७९ साली एडमंटन शहरी झाला. बालपण मात्र ऑन्टॅरिओ प्रांतातील फर्गस या लहानशा गावी गेले. १९८९ साली, तो अवघा नऊ वर्षांचा असता, मद्याच्या धुंदीत मोटार हाकणाऱ्या एका इसमाने त्यास धडक दिली. प्राण वाचले, परंतु दोन्ही पाय गुडघ्यांखाली कापावे लागले. अविचार एकाने करावा आणि त्याचे फळ निरपराध बालकाने भोगावे! तथापि पुढच्याच वर्षी हा मुलगा खुर्चीवर बसून चेंडू खेळू लागला.

या खेळाचा उगम दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या इस्पितळांत, १९४६ च्या सुमारास झाला. १९६० साली रोम येथे भरलेल्या अपंगांच्या जागतिक क्रीडामहोत्सवात त्यास स्थान मिळाले. यात कसलीही सवलत नाही. चेंडू टाकावयाची जाळी उभ्याने खेळणाऱ्यांच्या जाळीइतकीच, म्हणजे दहा फूट उंच असते. चेंडू जवळ असता चाके लागोपाठ दोनदाच ढकलता येतात. मग तो जमिनीवर आपटावा, सोबत्याकडे द्यावा किंवा जाळीकडे फेकावा लागतो.

परंतु या खेळाचा खरा मोठेपणा त्याच्या एका नियमात आहे. ज्याच्या अंगी हालचालीची शक्ती अगदी थोडी, त्यास एक गुण. ज्याच्या अंगी सर्वांत अधिक, त्यास साडेचार. मैदानावरील पाचांच्या गुणांची बेरीज चौदांवर जाता कामा नये. पॅट्रिकचे गुण साडेचार. तो खेळावयास उतरला की उरलेल्या चौघांसाठी साडेनऊच गुण शिल्लक राहत. म्हणजे बळकट तेवढे निवडून संघ उभारताच येत नाही. अधिक दुबळ्या सोबत्यांस जागा द्यावीच लागते. तेच आपली खुर्ची आडवी घालून प्रतिस्पर्ध्यांची वाट अडवतात, तेव्हा कोठे पॅट्रिकसारख्यास जाळी मोकळी सापडते.

अशा सोबत्यांसह त्याने २००० साली सिडनी येथे व २००४ साली अथेन्स येथे सुवर्णपदक मिळवले. २००६ साली कॅनडाने जगज्जेतेपदही पटकावले. २००८ साली बीजिंग येथे ऑस्ट्रेलियाने अंतिम सामन्यात त्यांना हरवले व रुपेरी पदकावर समाधान मानावे लागले. चार वर्षांनी लंडन येथे पुन्हा तेच दोन संघ समोरासमोर आले. कॅनडाने ६४ विरुद्ध ५८ असा विजय मिळवला. त्यांपैकी ३४ गुण एकट्या पॅट्रिकचे होते.

कीर्तीच्या शिखरावर असता मैदान सोडण्याचे धैर्यही त्याच्या ठायी होते. संगीताची त्यास मोठी ओढ. तिच्यासाठी तो काही काळ खेळापासून दूर राहिला. लंडनच्या विजयानंतरही तो निवृत्त झाला, परंतु २०१७ साली परतला. २०२४ साली पॅरिस येथे, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो सहाव्यांदा या महोत्सवात उतरला. तिसऱ्या स्थानासाठीचा सामना जर्मनीने जिंकला. कॅनडास पदक मिळाले नाही. मात्र ज्या संघात आपण वीस वर्षांपूर्वी ऐन उमेदीत सुवर्ण मिळवले, त्याच संघात केस पिकू लागल्यावर चौथ्या स्थानासाठी घाम गाळण्यात त्यास कमीपणा वाटला नाही.

वाचकहो, आपल्या घरी किंवा शेजारी एखादे पंगू मूल असेल, तर त्यास दयेपोटी कोपऱ्यात बसवून ठेवू नका. त्यास अंगणात आणा, इतर मुलांच्या खेळात त्याच्यासाठी जागा करा. चौदा गुणांच्या संघात सर्वांत दुबळ्यासही जागा राखलेली असते आणि त्याच्यावाचून संघ पुरा होत नाही. घराचे आणि गावाचेही तसेच आहे.