जीन थेरपी झाली, पुढे काय? पार्किन्सन्स आणि फॉलो-अपची गोष्ट

पार्किन्सन्सवरच्या जीन थेरपीचा पेपर हातात आला की आपली नजर आधी कुठे जाते? रुग्ण किती, स्कोअर किती सुधारला, पी व्हॅल्यू किती. फॉलो-अप किती काळ होता, ती ओळ मेथड्समध्ये कुठेतरी असते आणि आपण ती ओलांडून पुढे जातो. आज त्याच ओळीबद्दल बोलू.

आधी थोडी पार्श्वभूमी. पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. या पेशींचे लांब तंतू पुटामेन या दुसऱ्या भागापर्यंत गेलेले असतात आणि डोपामिन तिथे सोडलं जातं. जीन थेरपीत कवटीला छोटं छिद्र पाडून, बहुतेक वेळा एएव्ही नावाच्या विषाणूच्या कवचातून, हवं ते जनुक थेट मेंदूत पोचवतात. गोळी थांबवता येते, डीबीएसचं यंत्रही बंद करता येतं. हे जनुक मात्र एकदा आत गेलं की परत काढता येत नाही. म्हणून रुग्णावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

किती वर्षं? अमेरिकेच्या एफडीएच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एएव्हीसाठी ५ वर्षांपर्यंत, आणि पेशीच्या डीएनएत स्वतःला जोडून घेणाऱ्या व्हेक्टरसाठी १५ वर्षं. हा फरक उगाच नाही. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर रेट्रोव्हायरस वापरून उपचार झाले होते. मुलं बरी झाली, सगळे खूश होते, आणि काही वर्षांनी त्यातल्या काहींना ल्युकेमिया झाला. जनुक चुकीच्या जागी जाऊन बसलं होतं. वर्षभरातच फाईल बंद केली असती तर हे कळायला किती उशीर झाला असता, विचार करा.

पण पार्किन्सन्समध्ये फॉलो-अप फक्त सुरक्षिततेसाठी नसतो. तिथे तीन वेगळे प्रश्न असतात: जनुक अजून काम करतंय का? आजार किती पुढे गेला? आणि रुग्णाला प्रत्यक्षात बरं वाटतंय का? या तिघांची उत्तरं एकच येतील असं आपण गृहीत धरतो. तसं होत नाही.

पहिलं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफमधलं. तिथे १० रुग्णांच्या पुटामेनमध्ये एएडीसीचं जनुक सोडलं. लेव्होडोपाचं डोपामिन करणारं एन्झाइम ते हेच. २०१२ मध्ये दीर्घकालीन निष्कर्ष आले. पेट स्कॅनमध्ये एन्झाइमची वाढलेली क्रिया ४ वर्षं टिकलेली दिसली, म्हणजे जनुक काम करत होतं. रुग्णांचे हालचालींचे स्कोअर मात्र पहिल्या वर्षात सुधारले आणि नंतर हळूहळू खालावत गेले. मग थेरपी चालली की नाही? पेट बघणारा 'हो' म्हणेल, स्कोअर बघणारा डोकं खाजवेल. शिवाय या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. थेरपी नसती तर हेच रुग्ण किती खालावले असते, हे यातून सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण सेरे-१२० चं, म्हणजे न्यूर्टुरिन या पेशींना जगवणाऱ्या प्रथिनाचं जनुक. पहिल्या छोट्या, खुल्या चाचणीत १२ रुग्णांमध्ये सुधारणा दिसली. मग ५८ रुग्णांची डबल-ब्लाइंड चाचणी झाली. त्यात काहींच्या कवटीला फक्त अर्धवट छिद्र पाडलं, आत काहीच सोडलं नाही. १२ महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही! मात्र ज्या रुग्णांचं ब्लाइंडिंग १८ महिन्यांपर्यंत टिकलं होतं, त्यांच्यात थोडा फायदा दिसला. पुढे पुटामेनबरोबर सबस्टॅन्शिया नायग्रातही जनुक सोडून पाहिलं, तरी मुख्य निकष गाठता आला नाही.

कारण कळलं ते ज्यांनी मृत्यूनंतर मेंदू तपासायला दिला, त्या रुग्णांमुळे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा दोघांच्या मेंदूत उपचारानंतर ८ आणि १० वर्षांनीही न्यूर्टुरिन बनत असल्याचं दिसलं. म्हणजे जनुक टिकलं होतं. पण ते पुटामेनच्या लहानशा भागापुरतंच पोचलं होतं, आणि आजार पुढे गेलेला असल्यामुळे ते वाहून न्यायला तंतूही फारसे उरले नव्हते. पुढच्या चाचण्यांसाठी यातून मिळालेला धडा असा: जास्त भाग व्यापा, आणि रुग्ण लवकरच्या टप्प्यातले घ्या. १२ महिन्यांच्या आकड्यांतून हे कधीच कळलं नसतं.

आणखी एक गोष्ट. सेरे-१२० बनवणारी सेरेजीन ही कंपनी २०१३ मध्ये सँगामोने विकत घेतली. कंपन्या हात बदलतात, प्रकल्प बंद पडतात, पण रुग्णाच्या डोक्यातलं जनुक चालूच राहतं. त्याच्याकडे पुढे कोण बघणार, हे संमतिपत्रावर सही घेण्याआधीच ठरलेलं असायला हवं.

तर पुढच्या वेळी असा पेपर वाचताना स्वतःला चार प्रश्न विचारा. सुरुवातीच्या रुग्णांपैकी शेवटच्या भेटीला किती उरले, आणि बाकीचे का गळाले? ब्लाइंडिंग नक्की कधी उघडलं? स्कोअर औषध घेतलेलं असताना मोजला की औषध थांबवून? मधल्या काळात कुणाच्या गोळ्यांचा डोस बदलला, कुणी डीबीएस करून घेतलं, ते नोंदवलंय का?

आणि उद्या तुम्ही स्वतः प्रपोजल लिहायला बसाल, तेव्हा फॉलो-अपचं बजेट शेवटच्या रकान्यात उरलेल्या पैशांतून भरू नका. ज्याने परत न घेता येणारा उपचार स्वीकारला, त्याचं आपण देणं लागतो, आणि त्याची सुरुवात त्या रकान्यापासून होते.