मंडळी

मराठी ख्रिस्ती माणूस इमारतीला चर्च म्हणतो, पण तिथे जमणाऱ्या माणसांना म्हणतो 'मंडळी'. आजारपण असो, मयत असो, "मंडळीत कळवलं का?" हा प्रश्न आधी येतो. बायबलच्या मराठी भाषांतरात मूळ ग्रीक शब्दासाठी हाच शब्द रुजला, आणि याहून नेमका शब्द मिळाला नसता असे मला वाटते. कारण "घरची मंडळी काय म्हणतात?" यातलीही मंडळी तीच. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणारा पहिल्यांदा मुकत असे तो या घरच्या मंडळींना.

लेखक बाबा पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला. त्याआधीची घरातली ओढाताण त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आहे. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवला होता. पण वाटणी मिळाली म्हणून पाणवठा मिळत नाही. बाळंतपणाला बाई, मुलीला स्थळ, तिरडीला चार खांदे यांतले कायद्याच्या हातात काहीच नव्हते. ते मंडळीने उभे केले.

हे सोपे गेले नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. काही वर्षांनी त्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला प्रवचनांपेक्षा ही चूलच अधिक बोलकी वाटते. भोवतालच्या ख्रिस्ती समाजात महार-मांग समाजांतून आलेले पुष्कळ लोक होते. त्यांच्यात राहायचे आणि त्यांच्या हातचे पाणी नको, हे ओझे बाईंनी कितीतरी दिवस वागवले. ते उतरले ते कुणी वादात हरवले म्हणून नव्हे. जात माणसानेच केली, हे त्यांना आतून पटत गेले आणि सोवळे सुटले. पुढे त्याच घरात परक्यांची मुले वाढली. बालकवी ठोंबरेही काही काळ तिथे राहिले.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी हेच मोठ्या प्रमाणावर केले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणि विधवा आणल्या. त्यांना शिकवले, हाताला काम दिले. अंध स्त्रियांना त्यांच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, ब्रेल शिकवले. रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर छापले गेले तेही केडगावच्या छापखान्यात. खिळे जुळवणारे हात तिथल्याच बायकांचे.

टिळकांना मात्र मिशनच्या पगारावर उभी राहिलेली मंडळी अपुरी वाटू लागली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र बसावेत, ही त्यांची इच्छा. दोनच वर्षांत ते गेले. मराठी मंडळीने त्यांनी रचलेली पदे जपली, हा दरबार जपला नाही. हे आपले मोठे नुकसान झाले असे माझे स्पष्ट मत आहे.

जातही पुरती गेली नाही. प्रभुभोजनाला एका पंगतीत बसणारी घरे सोयरीक जुळवताना अजून जुने आडनाव चाचपतात. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. ज्याला दोन्हीकडून असे बाहेर ठेवले जाते, त्याने जायचे कुठे?

तरीही मंडळी कुठे कुठे अजून भेटते. गेल्या पावसाळ्यात नगरमधल्या एका घरच्या प्रार्थनासभेला गेलो होतो. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी, पेटी, तबला. शेवटचे गीत झाल्यावर पाळकांनी लग्नपत्रिकेची कोरी बाजू पुढे केली. दवाखान्यात असलेल्या एका आजींजवळ रात्री कोण बसणार, त्याच्या पाळ्या लिहायच्या होत्या. "मंगळवार माझा," रिक्षा चालवणारा एक तरुण म्हणाला. आजी त्याच्या कोणी लागत नव्हत्या. पाच मिनिटांत सातही रात्री भरल्या.

शहरांतल्या मोठ्या चर्चमध्ये आता उपासना संपली की लोक थेट गाडीकडे जातात. आपल्या बाकावर दर रविवारी शेजारी बसणाऱ्याचे घर कुठे आहे, घरी कोण कोण आहे, हे ठाऊक नसेल, तर येत्या रविवारी विचारा. आणि बोलावले तर जा.